बेसिलचं मत

बेसिल येणार की नाही, हे थेक्लाला चर्चच्या तळघरात पाऊल टाकेपर्यंत ठाऊक नव्हतं. तो फोन उचलत नव्हता असं नाही. उचलायचा, नदीला आलेल्या पाण्याबद्दल बोलायचा, तिच्या गुडघ्याची चौकशी करायचा, आणि ईस्टरच्या जेवणाचा विषय निघाला की "बघतो, लोइसशी बोलतो" म्हणून ठेवून द्यायचा. सव्वीस वर्षं खासदार असलेल्या माणसाच्या 'बघतो'चा अर्थ त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीलाही लावता येत नसे.

तळघरात लांबलचक टेबलांवर टोपल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत पास्काचा गोल पाव, धुरी दिलेलं सॉसेज, रंगवलेली अंडी, लोण्याचं घडवलेलं कोकरू, बीटाची नाकात झणकणारी चटणी, आणि वर भरतकाम केलेला रुमाल. फादर पवित्र पाणी शिंपडायला यायचे होते. एरवी या वेळात बायका कुणाचा पास्का फुगला आणि कुणाचा बसला, ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेत. यंदा सगळ्यांचं लक्ष दाराकडे होतं.

त्याला कारणही तसंच होतं. मार्चमध्ये लारिसानं, म्हणजे धाकटा भाऊ एमिल याच्या मुलीनं, पक्षाचा नोव्हेंबरचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानासाठी अर्ज भरला होता, आणि तोही आपल्या काकाविरुद्ध. हार्लन्स बेंडमधल्या पोलाद कारखान्याची शेवटची भट्टी विझली, त्यानंतर गावाला चघळायला एवढा मोठा विषय मिळाला नव्हता. लारिसा इस्पितळात नर्स होती, तिथल्या नर्सांच्या युनियनची पुढारी होती, आणि जिभेला हाड नसलेली होती. आई गेल्यापासून तिचं दुखलंखुपलं आत्याच बघत आली होती. त्यामुळे थेक्ला कुणाच्या बाजूची, हाही गावात एक प्रश्नच होता. भाजीच्या दुकानात दोघीतिघींनी आडून विचारून पाहिलं. थेक्लानं उलट त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" शाळेत चाळीस वर्षं भूगोल शिकवल्याची ही सवय होती. प्रश्न आला की तो परत टोलवायचा.

बेसिल आला. त्याची बायको लोइस मागे, हातमोजे काढत. त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि आपली टोपली सरळ एमिलच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवली. पलीकडे लारिसा उभी होती.

"ख्रिस्त उठला आहे," बेसिल म्हणाला.

"खरोखर उठला आहे, काका," लारिसा म्हणाली, आणि रीतीप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या गालांचे तीन मुके घेतले. फादर आले, पाणी उडालं, दोघांच्याही चष्म्यांवर थेंब पडले. गावाची जरा निराशाच झाली.

टोपल्या घेऊन ते टेकडीवरच्या थेक्लाच्या घरी आले. पाचच माणसं: थेक्ला, बेसिल आणि लोइस, एमिल, लारिसा. थेक्लानं जेवायला बसताना एकच अट घातली, कॉफी येईपर्यंत राजकारण काढायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. ती अट सॉसेजचा दुसरा तुकडा वाढेपर्यंत टिकली, आणि मोडली ती एमिलनं.

एमिलची अवस्था मोठी विचित्र झाली होती. पोरीचा अभिमान होता. पण भाऊ म्हणजे त्याचा देव. भट्टीवर तीस वर्षं काम करून त्याच्या फुप्फुसांची चाळण झाली होती, दोन वाक्यांमध्ये त्याला दम घ्यावा लागे, आणि त्यातलं निदान एक वाक्य बेसिलबद्दल असे. बेसिल वकील झाला, युनियनचे खटले लढला, राज्याच्या विधिमंडळात गेला, मग वॉशिंग्टनला. एमिलच्या लेखी ती सगळी घराण्याची कमाई होती.

"पोरीला जरा समजव रे," तो बेसिलला म्हणाला. "तिला वाटतं तुझी मतं वाऱ्यावरची आहेत."

"मी असं म्हटलं नाही, बाबा." लारिसानं काटा खाली ठेवला. ती चिडलेली नव्हती. थेक्लानं निरखून पाहिलं. "काका, भांडायला नाही विचारत. मला खरंच कळत नाही. या महिन्यात तुमची सगळी मतं काढून वाचली मी. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची चौकशी व्हावी, याला तुमचा होकार. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घालायला नकार. परदेशी पोलादावर जकात, हो. खाणकामगारांचं पेन्शन तर तुम्हीच भांडून वाचवलंत. लहानपणी आईबापांबरोबर चोरून आलेल्या मुलांना इथंच राहू द्या, हो. आणि सीमेवरच्या भिंतीला पैसे, तेही हो. गर्भपाताच्या बाबतीत चर्च म्हणेल तसं. मी भूगोलाच्या बाईंच्या हाताखाली शिकले, पण या नकाशात मला रस्ता सापडत नाही."

लोइसनं नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर देऊ नकोस, असं त्या पाहण्यात होतं. ती मूळची वॉशिंग्टनजवळची, तिथल्या वाऱ्यांची तिला जास्त जाण.

बेसिलनं मात्र उत्तर दिलं. थेक्लाला वाटलं होतं तो टाळेल. उलट त्याला विषय आवडलेला दिसला. तो म्हणाला की वॉशिंग्टनला त्याला मधला म्हणतात, पण हार्लन्स बेंडमध्ये मधलं असं काही नसतंच. इथला माणूस रविवारी चर्चला जातो, सोमवारी युनियनच्या सभेला, आणि थंडी पडली की हरणाच्या शिकारीला. तो एकच माणूस. त्याच्या मनासारखं मत दिलं की राजधानीत ते अर्धं इकडचं आणि अर्धं तिकडचं दिसतं. "तुमच्यासारखी शिकलेली मुलं म्हणतात, काकाचे पाय दोन डगरींवर. अगं, माझा मतदारसंघच दोन डगरींवर वसलाय. मधून नदी वाहते."

एमिल हसला आणि खोकला. लारिसाही हसली. क्षणभर थेक्लाला वाटलं, सुटलो.

"आणि विम्याचा कायदा?" लारिसा म्हणाली.

बारा वर्षांत या घरात तो शब्द निघाला नव्हता. कारखाना बंद पडला तेव्हा एमिलच्या पगाराबरोबर घराचा आरोग्य विमाही गेला होता. त्याच्या बायकोला, डोरोथीला, छातीत गाठ लागली, आणि डॉक्टरचं बिल कुठून भरायचं म्हणून ती कुणाला न सांगता दिवस ढकलत राहिली. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या शवपेटीला बेसिलनं खांदा दिला. आणि पुढच्याच वसंतात, सगळ्या माणसांना विमा मिळावा असा कायदा सभागृहात आला तेव्हा, स्वतःच्या पक्षाचा कायदा असूनही, त्यानं विरोधात मत दिलं.

बेसिलनं घसा साफ केला. खर्चाचा अंदाज चुकीचा होता, तो म्हणाला. गर्भपाताबद्दलचं कलम बिशपांना मान्य नव्हतं. मतदारसंघातले बहुसंख्य लोक विरोधात होते. हे सगळं त्यानं त्या वेळीही म्हटलं होतं, त्याच क्रमानं.

"पुरे," एमिल म्हणाला. "तुला हवं ते विचार, लारिसा, पण यावरून त्याला बोल लावू नकोस. ती माझी बायको होती. भावजयीची माती अजून ओली, सगळा पक्ष अंगावर धावून आलेला, अशा वेळी मनाला पटत नाही म्हणून नाही म्हणायला छाती लागते. मला तो कायदा हवा होता. पण भाऊ विकला गेला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटलं."

बेसिल आपल्या ताटाकडे बघत होता. आणि ते बघणं थेक्लानं पाहिलं.

ज्या दिवशी ते मतदान झालं, त्या दिवशी थेक्ला वॉशिंग्टनलाच होती. बेसिलनंच तिला प्रेक्षकांच्या सज्जाचा पास काढून दिला होता. समोरच्या भिंतीवर सगळ्या सभासदांची नावं उमटली होती, आणि खाली ज्यानं त्यानं आपलं कार्ड घालून बटण दाबलं की नावापुढे दिवा लागत होता. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. ती एकच नाव शोधत होती. नावामागून नाव उजळत गेलं, आणि ड्रोबनाक हे त्यांचं आडनाव काही उजळेना. बेसिल खाली, पार मागच्या कठड्याला टेकून उभा होता. हातात कार्ड. शेजारी एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. कायदा मंजूर व्हायला लागणारी मतं पुरी झाली, एका बाजूनं टाळ्या उठल्या, म्हातारा त्याच्या कानाशी काही बोलला, आणि मग बेसिल चालत गेला. लाल दिवा.

ज्याचं मन ठरलेलं असतं तो इतका वेळ का थांबतो, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मनात ठाण मांडून होता. भाऊ जवळ बसलेला असताना कितीदा तरी तो ओठांवर आला होता. आज तो बाहेर पडला.

"बेसिल," ती म्हणाली, "तुझा दिवा उशिरा का लागला?"

लोइस म्हणाली, "थेक्ला, आज सण आहे."

"मी फक्त विचारतेय. सगळ्यांचे लागले, कायदा पास झाला, मग तुझा लागला. मी वरून बघत होते."

बेसिलनं मान वर केली. तू वर होतीस हे मी विसरलो होतो, तो म्हणाला. मग त्यानं हातरुमालानं तोंड पुसलं. थेक्लाला वाटलं, आता 'बघतो' येईल. पण तो सरळ सांगायला लागला.

तो म्हातारा म्हणजे पक्षाचा प्रतोद. कुणाचं मत कुठे, याची मोजदाद त्याच्याकडे. बेसिलनं त्याला सकाळीच शब्द दिला होता: एक जरी मत कमी पडलं, तरी माझं 'हो' धरा. पण पुरेशी मतं झाली, तर मला मोकळं करा. कारण 'हो' म्हणून मी परत गेलो, तर ही जागा पुन्हा पक्षाला मिळायची नाही. "अशी सहासात माणसं असतात प्रत्येक वेळी. कठड्याशी उभी. त्या दिवशी मतं पुरली. तो म्हणाला, जा बेसिल, तू मोकळा. मी जाऊन 'नाही'चं बटण दाबलं."

बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. एमिलनं दम घेतला.

"आणि कमी पडली असती तर?"

"तर 'हो' दाबलं असतं."

"म्हणजे तो कायदा व्हावा, असं तुला वाटत होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"डोरोथी आजारी पडल्यापासून," बेसिल म्हणाला.

एमिल बोलला तो इतक्या हळू, की लारिसाला पुढे वाकावं लागलं.

"जॉर्ज सिम्को हेच म्हणाला होता. क्लबात, चार माणसांदेखत. म्हणाला, तुझ्या भावाला कायदा हवाय रे, फक्त झळ सोसायची नाही. मी त्याच्या तोंडावर मारलं. एका भट्टीवर तीस वर्षं काढली आम्ही. लारिसाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच उभा होता. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि मागच्या हिवाळ्यात तो गेला. मी त्याच्या मातीलाही गेलो नाही."

"एमिल…"

"लोकांना सांगितलं नाहीस ते ठीक. तुझा धंदाच तो. पण मला सांगायचं होतंस."

"तू सगळीकडे इतक्या अभिमानानं सांगत होतास," बेसिल म्हणाला. "मला तोंड उघडवेना."

एमिल उठला, खुर्चीच्या पाठीला धरून जरा उभा राहिला, आणि मागच्या दारानं अंगणात गेला.

लोइसनं रुमालाची घडी घालून ताटाशेजारी ठेवली. "झालं समाधान?" तिनं थेक्लाला विचारलं. "आता हिच्या प्रचाराची पत्रकं छापायला फार डोकं चालवावं लागणार नाही." थेक्लाला भावाविषयी एक गोष्ट जाणून घ्यायची होती, ती कळली होती. त्या एका गोष्टीला किती मुळ्या असतील, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं खुंटीवरचा एमिलचा कोट घेतला आणि बाहेर गेली.

तो सफरचंदाच्या झाडाखालच्या बाकावर बसला होता. झाडाला अजून पालवी नव्हती. खाली नदीच्या वळणावर कारखान्याच्या रिकाम्या शेडा दिसत होत्या. तिनं कोट त्याच्या खांद्यांवर टाकला.

"आजच का विचारलंस?" तो म्हणाला.

"राहवलं नाही."

"लहानपणापासून तू अशीच." तो तिच्यावर रागावलेला नव्हता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, जॉर्जची बायको अजून त्याच घरात राहते का. राहते, थेक्ला म्हणाली. मग तो म्हणाला की त्याला गाडीनं कुणीतरी तिथं सोडलं तर बरं होईल. आज नको, पण या आठवड्यात.

थंडी वाजायला लागली तशी ती आत आली, आणि दारातच थबकली. तिला वाटलं होतं आत भांडण जुंपलं असेल, नाहीतर बेसिल निघून गेला असेल. लोइस खिडकीशी पाठमोरी उभी होती. आणि टेबलाशी बेसिल आणि लारिसा डोक्याला डोकं लावून बसले होते. मधली ताटं सरकवून बेसिलनं रंगीत अंडी मांडली होती: एका पक्षाची लाल इकडे, दुसऱ्याची निळी तिकडे, आणि मधे त्याच्यासारख्यांची तीनचार पिवळी.

"असं किती वेळा झालं, ते विचारत होते मी," लारिसा आत्याला म्हणाली, मान वर न करता. "मोकळं सोडण्याचं."

ते बरेचदा झालं होतं. पण सगळं तसं नव्हतं, बेसिल सांगत होता. पेन्शनच्या वेळी त्याला कुणी मोकळं केलं नव्हतं. तेव्हा त्यानंच ही पिवळी अंडी एकत्र केली होती आणि दोन्ही पक्षांना सांगितलं होतं की खाणकामगारांचे पैसे दिल्याशिवाय आमची मतं कुणालाच मिळणार नाहीत. आठवडाभर अर्थसंकल्प अडवला होता. ते त्याचं स्वतःचं मत होतं. पोलादाचंही. बंदुकीच्या चौकशीचं तर होतंच; त्यासाठी त्याच्या घरावर दगड आले होते. भिंतीचं? भिंतीचं मत म्हणजे देवघेव, त्या बदल्यात मुलांना राहू देण्याचं कलम मिळालं. लारिसा मधेच अडवत होती, एखादं पिवळं अंडं उचलून निळ्यांत टाकत होती आणि विचारत होती, "आणि हा इकडे आला असता तर?" बेसिल डोकं खाजवून म्हणत होता, "थांब, सांगतो." त्याच्या चेहऱ्यावरची वर्षं उतरली होती. युनियनचे खटले लढताना रात्री घरी येऊन आईला सगळं सांगणारा बेसिल थेक्लाला आठवला. इतक्या वर्षांत त्याला कुणी नीट विचारलंच नव्हतं, असं तिला वाटून गेलं. लोक टाळ्या वाजवायचे किंवा शिव्या द्यायचे.

निघताना त्यानं लारिसाचा हात हातात घेतला. "वापर ते," तो म्हणाला. "दिव्याचं. तुझ्या जागी मी असतो, तर वापरलं असतं."

"माहीत आहे," लारिसा म्हणाली.

ती वापरणार आहे की नाही, हे त्या दोन शब्दांवरून कळेना. पुढचे दिवस थेक्लानं टपालपेटीत आलेलं प्रत्येक पत्रक उलटंसुलटं करून वाचलं. इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला, बायकांना आता पर्वत ओलांडून जावं लागतं, हे त्यात होतं. काका सत्तरी ओलांडून गेले, हे होतं. दिव्याचं नव्हतं. थेक्लानं एकदा विचारायला फोन उचललाही. पण या वेळी तिनं तो खाली ठेवला.

एमिल बेसिलचे फोन घेत नव्हता. थेक्लानं त्याला जॉर्जच्या बायकोकडे सोडलं, तेव्हा ती स्वतः गाडीतच बसून राहिली. तो तासाभरानं बाहेर आला. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मात्र त्याच्या हातात पास्काचा अर्धा पाव होता.

मेच्या सुरुवातीला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बसवलं. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, माणसं बंबांच्या गाडीला टेकून उभी राहिली. प्रश्न विचारायला हायस्कूलचा निवृत्त मुख्याध्यापक होता. रस्ते झाले, पोलाद झालं, नदीवरचे बांध झाले. दोघंही एकमेकांना सांभाळून बोलत होते. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, जेवायला कोण कुणाकडे जाणार तेवढं ठरवा आता.

मग मुख्याध्यापकानं बेसिलला नेहमीचा प्रश्न विचारला: विम्याच्या कायद्याला तुम्ही विरोध केला, आज तसंच मत द्याल का?

लोइस पहिल्या रांगेत ताठ बसली. नेहमीचं उत्तर थेक्लाला पाठ होतं: खर्च, कलम, मतदारसंघ. बेसिलनं पाण्याचा घोट घेतला. त्याची नजर खुर्च्यांवरून फिरत फिरत भिंतीशी बसलेल्या एमिलवर थांबली.

"मी त्या कायद्याला विरोध केला नव्हता," तो म्हणाला. "विरोधात मत दिलं होतं. दोन्ही एक नाहीत." आणि त्यानं सगळं सांगितलं. सकाळी दिलेला शब्द, कठडा, प्रतोद. आपल्या घरात काय झालं होतं तेही सांगितलं, डोरोथीचं नाव घेऊन. "गावात ज्यांनी माझी बाजू घेतली, त्यांनी माझ्या धैर्याची बाजू घेतली. ते तिथं नव्हतं. त्यांच्यातल्या एकाला त्यापायी फार मोठी किंमत पडली."

हॉलमध्ये आधी कुणाला कळेचना की आपण काय ऐकलं. मग एकजण मोठ्यानं हसला. दोघंतिघं उठून गेले. थेक्लाच्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "बारा वर्षं झाकलं, तर आता महिनाभर आणखी झाकायचं होतं." मुख्याध्यापकानं लारिसाला विचारलं, तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का?

"नाही," लारिसा म्हणाली. "मला हे ईस्टरपासून माहीत आहे."

त्यावर बंबाला टेकलेली माणसं सरळ उभी राहिली.

मतदानाच्या दिवशी थेक्ला एमिलला गाडीनं घेऊन गेली. दोघांनी शाळेच्या व्यायामशाळेत मतं दिली आणि परत गाडीत येऊन बसले. थेक्लानं किल्ली फिरवली नाही. एमिलनं तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला.

"विचार की. नाहीतर तुला जेवण जायचं नाही."

"कुणाला दिलंस?"

"बेसिलला." तो दम घ्यायला थांबला. "आजवर त्याला मत दिलं, ते तो कोण आहे हे न कळता. हॉलमध्ये तो माझ्याकडे बघून बोलला. या वेळी कळून दिलं."

"आणि लारिसा?"

"तिला सकाळीच सांगितलं. म्हणाली, बाबा, मला वाटलंच होतं, एका मतानं माझं काही बिघडत नाही. पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे."

त्यानं उलट विचारलं नाही, आणि थेक्लानंही आपलं मत सांगितलं नाही.

बेसिल हरला. थोडक्यात नव्हे, चांगला हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी थेक्लाच्या स्वयंपाकघरात लारिसा झोप न झालेल्या डोळ्यांनी कॉफी पीत बसली होती, आणि एमिल अंडी तळत होता, तेव्हा खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. बेसिल एकटाच होता. दार एमिलनं उघडलं. दोघं भाऊ उंबरठ्याच्या दोन बाजूंना क्षणभर उभे राहिले.

"काही खाल्लंस?" एमिल म्हणाला.

"नाही."

"बस मग."

एमिलनं आणखी दोन अंडी फोडली. बेसिलनं लारिसाचं अभिनंदन केलं, अगदी व्यवस्थित, जसं अनोळखी माणसाचं करावं तसं, आणि मग खुर्ची ओढून बसला. नोव्हेंबरची निवडणूक सोपी नाही, तो म्हणाला. पलीकडच्या पक्षाचा माणूस तगडा आहे. लागेल ती मदत करीन. लारिसा मान हलवत राहिली. कॉफीचा कप तिच्या हातात तसाच होता.

"आणि समजा मी तिथं पोचलेच," ती म्हणाली, "तर पहिल्यांदा काय होतं?"

बेसिलनं विचार केला. "पहिल्याच वर्षी कधीतरी तू मागच्या कठड्याशी उभी असशील. तुला एक गोष्ट मनापासून हवी असेल, आणि इथल्या लोकांना नको असेल. कुणीतरी म्हातारा येईल, बहुधा फार गोड माणूस असेल, आणि म्हणेल, तुझं मत या वेळी लागत नाही, पोरी, तू मोकळी."

"मग मी काय करायचं?"

तव्यावर अंडी चरचरत होती. थेक्लानं हातातली ताटली खाली ठेवली. बेसिलनं पुतणीकडे पाहिलं, मग भावाच्या पाठीकडे, आणि खांदे उडवले.

"मला काय विचारतेस," तो म्हणाला. "तसं कुणी म्हटलं की मी दर वेळी मोकळा झालो. मोकळं न होता 'हो'वरच थांबून राहिलं तर पुढे काय होतं, ते मी कधी पाहिलंच नाही."